तानसेन समारोहाला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून निघा

डिसेंबर जवळ आला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, ग्वाल्हेरचा तो तानसेन समारोह खरंच फुकट असतो का, पास कुठे मिळतो, आणि आम्हाला शास्त्रीय संगीतातलं ओ की ठो कळत नाही तरी जावं का. दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू.

तर हो, फुकट असतो. तिकीट नाही, पास नाही, चालत जायचं आणि बसायचं. मध्य प्रदेशचा संस्कृती विभाग आणि भोपाळची उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत एवं कला अकादमी मिळून हे सगळं करतात. जागाही अशी की हॉल नाही, थिएटर नाही, थेट तानसेनाच्या कबरीशेजारच्या मोकळ्या आवारात मांडव घालून गाणं चालतं. पण फुकट म्हणजे तुमच्यासाठी कुणी खुर्ची धरून ठेवलेली नसते, आणि ग्वाल्हेरची डिसेंबरची थंडी काय चीज असते ते मुंबई-पुण्याच्या माणसाला तिथे पोचल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे तिकिटाचे जे पैसे वाचतात ते थोडे गरम कपड्यांत आणि थोडे रिक्षा-टॅक्सीत घालायची तयारी ठेवा.

आधी तारखा, मग बाकी सगळं

समारोह डिसेंबरातच असतो पण तारीख ठरलेली नाही, कधी महिन्याच्या मध्यावर तर कधी पार नाताळाच्या आसपास. २०२३ मध्ये २४ डिसेंबरला सुरू झाला होता आणि २०२४ मध्ये, म्हणजे शंभराव्या वर्षी, १५ डिसेंबरलाच. साधारण चार-पाच दिवस चालतो. कलाकारांची पूर्ण यादी बऱ्याचदा अगदी शेवटी येते, त्यामुळे 'अमुक बुवा आहेत का बघू आणि मग ठरवू' असं म्हणत बसलात तर रेल्वेचं रिझर्व्हेशन गेलंच समजा. तारखा जाहीर झाल्या की आधी तिकीट काढा, यादी नंतर बघा. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला नेमाने जाणाऱ्यांनी एक बघून ठेवा, कधी कधी दोन्हीच्या तारखा एकमेकांवर येतात. नाही आल्या तर सोन्याहून पिवळं, पुण्यातून सरळ ग्वाल्हेर गाठायचं.

मुंबईहून पंजाब मेल आहे, संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ग्वाल्हेरला सोडते. पुण्याहून झेलम एक्सप्रेस आहे, गोवा एक्सप्रेसही ग्वाल्हेरला थांबते, फक्त ती तिथे किती वाजता पोचते ते टाइमटेबलमध्ये बघून घ्या. दिल्लीत कुणी नातेवाईक असतील तर तिथून सकाळची भोपाळ शताब्दी पकडली की तीन-साडेतीन तासांत तुम्ही ग्वाल्हेरात. काही लोक आग्र्याला हॉटेल घेऊन 'रोज ये-जा करू' म्हणतात, ते करू नका. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे पण रात्री सभा संपल्यावर धुक्यात हायवेवरून परत जायचं म्हणजे जिवाशी खेळ.

राहायचं कुठे

ग्वाल्हेरचे तीन भाग आहेत, जुनं ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार. समारोह जुन्या ग्वाल्हेरात हजीरा भागात होतो, पण राहायला स्टेशनजवळ किंवा लष्करात सोयीचं पडतं. स्टेशनपासून हजीरा तीन-चार किलोमीटर, ई-रिक्षा सारख्या असतात. खोली घेताना फक्त दोन गोष्टी विचारा, सकाळी गरम पाणी नक्की येतं का आणि जास्तीची रजाई मिळेल का. बाकी एसी-बीसी, व्ह्यू-बिव्ह्यू काही विचारू नका, डिसेंबरात त्याचा उपयोग शून्य.

रिक्षावाल्याला नुसतं 'तानसेन' म्हणू नका. या गावात तानसेन नगर आहे, तानसेन रोड आहे, एमपी टूरिझमचं तानसेन नावाचं हॉटेल पण आहे आणि तेच तर भलतीकडेच. 'हजीरा, तानसेन का मकबरा' असं पूर्ण म्हणायचं, आणि पैसे बसायच्या आधी ठरवायचे. परतीचं पण तेव्हाच ठरवता आलं तर बेस्ट, कारण रात्री सभा सुटली की सगळेच एकदम बाहेर येतात आणि रिक्षावाले मग आपल्या मनाचे राजे. बायका एकट्या किंवा दोघी-दोघी जात असाल तर हॉटेलवाल्याला सांगून ओळखीचा रिक्षावाला लावून घ्या आणि त्याचा नंबर ठेवा. मी हेच करते.

जागा दिवसाउजेडी बघून घ्या

संध्याकाळी थेट मांडवात जाऊन बसायचं आणि रात्री परत, असं करणारे बरेच लोक असतात आणि त्यांनी ती जागा बघितलेलीच नसते. असं करू नका. पहिल्या दिवशी सकाळी किंवा दुपारी तासभर काढून ते आवार नुसतं फिरून घ्या.

तिथली मोठी देखणी इमारत तानसेनाची नाही, ती मुहम्मद घौस यांची. शत्तारी पंथाचे सूफी, अकबराच्या काळात सोळाव्या शतकात बांधलेला मकबरा, चौकोनी, कोपऱ्यांवर षट्कोनी बुरूज, आणि चहूबाजूंनी दगडात कोरलेल्या जाळ्या. या जाळ्यांसाठी तरी दिवसा जा, एका जाळीची नक्षी दुसरीसारखी नाही, आणि आत उभं राहिलं की उन्हाची तीच नक्षी फरशीवर पडलेली दिसते. घुमटाकडे नीट बघितलंत तर कुठे कुठे निळ्या फरश्यांचे तुकडे अजून टिकून आहेत.

आणि तानसेन? तो शेजारी, एका चौथऱ्यावर, बारा खांबांच्या छोट्याशा उघड्या मंडपात. परंपरा सांगते की घौस हे त्याचे पीर, म्हणून त्यांच्या पायाशी त्याला जागा. पहिल्यांदा येणारे हमखास विचारतात 'बस्स, एवढीच?' हो, एवढीच. चपला काढा, डोक्यावर रुमाल किंवा ओढणी घ्या, लोक इथे श्रद्धेने येतात.

जवळच चिंचेचं झाड आहे. त्याचा पाला चावला की गळा गोड होतो अशी समजूत, आणि गाणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या तो इतका खाल्ला की विचारू नका. जुनं झाड आता नाही, हे नंतरचं आहे. तुम्ही कृपया पानं ओरबाडू नका. गळा तसाही रियाझानेच होतो, आणि ज्यांचा रियाझ नाही त्यांचा (म्हणजे माझ्यासारख्यांचा) चिंचेने काय होणार.

पहिल्या दिवशीची सकाळ चुकवायची नाही म्हणजे नाही

सगळ्यात कळीचा मुद्दा हाच. बहुतेक नवखे लोक उद्घाटनाच्या संध्याकाळी येतात, कारण पेपरात तेच छापून येतं, मंत्री येतात, तानसेन अलंकरण हा पुरस्कार दिला जातो. पण समारोहाची खरी सुरुवात त्या दिवशी सकाळी झालेली असते, समाधीपाशी, अगदी साध्या पद्धतीने.

आधी शहनाई वाजते. मग ढोलीबुवा मठाचे महाराज हरिकथा करतात. मग मौलवी मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माची स्तुती, वाचतात, आणि मग कबरीवर चादर चढते. हा कार्यक्रम मुळात १९२४ साली माधवराव शिंद्यांच्या काळात तानसेनाचा उरूस म्हणून सुरू झाला, त्यामुळे हे सगळं तेव्हापासूनचं, नंतर कुणी शोभेसाठी आणून चिकटवलेलं नाही. आपल्या मराठी माणसाला त्या हरिकथेत फार गंमत येते, कारण भाषा हिंदी असली तरी मधेच गाणं, मधेच गोष्ट, परत गाणं, असा सगळा बाज ऐकून आपलं नारदीय कीर्तन आठवतं. समोर बसलेल्यांत पण आडनावं कानावर पडतात ती निम्मी मराठी, ग्वाल्हेरात शिंद्यांच्या वेळेपासूनची मराठी घरं आहेतच की. आणि हरिकथा ऐकायला बसलेले लोक तसेच बसून मिलाद ऐकतात, कुणी उठून जात नाही.

याला साडेनऊ-दहापर्यंत पोचा. नेमकी वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. सोपा उपाय सांगते, सकाळी चहाच्या टपरीवर कुठलाही स्थानिक हिंदी पेपर घ्या, त्यात आजच्या सभा, वेळा, कलाकार सगळं असतं, आणि कार्यक्रमात ऐनवेळी बदल झाला तर तोही बऱ्याचदा तिथेच आधी कळतो.

संध्याकाळची सभा: कधी जायचं, कुठे बसायचं

रोज साधारण दोन सभा असतात, सकाळी दहाच्या सुमाराला एक आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला एक. उद्घाटनाच्या संध्याकाळी भाषणं होतात, बंदोबस्त असतो, बॅगा तपासतात, पुढचे सोफे पाहुण्यांसाठी राखीव असतात, त्यामुळे नुसतं गाणंच ऐकायचं असेल तर ही संध्याकाळ सोडली तरी चालेल असं माझं स्पष्ट मत. अलंकरणाचे मानकरी गाणार-वाजवणार असतील तरच जा, आणि मग लवकर जा.

बाकीच्या दिवशी अर्धा-पाऊण तास आधी गेलात तर चांगली जागा मिळते. पुढच्या राखीव रांगा सोडून त्यांच्या लगेच मागे, आणि स्पीकरच्या भिंतीसमोर नाही तर जरा मधल्या बाजूला. कडेला बसलात तर मांडवाच्या कनातीखालून वारं येतं, मधे बसलात तर शेजारच्यांची ऊब मिळते, हे मी गमतीने म्हणत नाहीये. मागचा पडदा दरवर्षी कुठल्या तरी ऐतिहासिक वास्तूच्या धर्तीवर उभारतात, फोटो काढायचे तर सभेआधी काढून घ्या. सभा चालू असताना फ्लॅश मारू नका आणि मोबाइल उंच धरून अख्खा राग रेकॉर्ड करू नका, मागच्याला स्टेजऐवजी तुमचा स्क्रीन दिसतो, आणि लाइव्ह प्रक्षेपण होत असतं तेव्हा तुमच्या हलत्या व्हिडिओची कुणाला गरज पण नाही.

कपड्यांचं ऐका. पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरू शकतो आणि मांडव म्हणजे काही बंद खोली नव्हे. आतून थर्मल, वर स्वेटर, त्यावर शाल, कानटोपी, आणि पायात दोन मोजे. लोक अंगाला सगळं घालतात आणि पाय विसरतात, मग नऊ वाजता पावलं बधिर होतात आणि ऐन मुख्य गायकाच्या वेळी उठून जातात. बुडाखाली घ्यायला एक जाडसर घडी, थर्मासमध्ये चहा, थोडं खाणं. बाहेर टपऱ्या असतातच पण मधे उठलात की जागा गेली. स्वच्छतागृहांबद्दल फार अपेक्षा ठेवू नका, हॉटेलवरून निघतानाच उरकून घ्या.

गाणं कळत नाही, मग बसायचं कसं

काही हरकत नाही, तिथे बसलेल्या निम्म्या लोकांचं तेच असतं. एवढं माहीत असू द्या की सभेची सुरुवात बहुधा इथल्या एखाद्या संगीत विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या ध्रुपदाने होते, म्हणजे ख्यालाच्याही आधीच्या जुन्या धीरगंभीर गायकीने. म्हणजे समोर वीस-पंचवीस वर्षांची पोरं-पोरी ओळीने बसलेली, जोडीला पखवाज, चौतालात बांधलेलं ध्रुपद. लोक याला 'शाळेचं गॅदरिंग' समजून तेवढ्या वेळात चहाला जातात. बसा हो. ध्रुपद या गावचं आहे, राजा मानसिंह तोमराच्या दरबारात ते वाढलं, आणि या मुलांपैकी माधव संगीत महाविद्यालयाची जी असतात त्यांची ती शाळा १९१८ साली आपल्या भातखंड्यांनी इथे उभी करून दिली. मोठ्या कलाकाराचं तासाभराचं आलाप-जोड (तालाशिवायचा रागविस्तार) कळायला जड जातं, तिथे या दहा मिनिटांत चौतालाच्या बारा मात्रा बोटांवर मोजायची सवय होते, आणि एकदा का सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते कळलं की पुढची अख्खी संध्याकाळ सोपी होते.

मग ख्याल, सरोद, सतार, सारंगी, बासरी असं काही काही येत जातं, मधे परदेशी कलाकारांचं विश्वसंगीत पण असतं. ते प्रत्येकाला रुचेलच असं नाही, मला स्वतःला दरवेळी रुचत नाही, तेव्हा पाय मोकळे करायला ती वेळ चांगली. राग चालू असताना उठू नका, कलाकार बदलताना उठा. सकाळच्या सभेत कुणी मियाँ की तोडी काढली किंवा रात्री दरबारी, तर मात्र अजिबात हलू नका, दोन्ही तानसेनाच्या नावावरचे राग आणि समोर त्याची कबर.

आणि हे पण सांगितलंच पाहिजे, की आपण महाराष्ट्रात ज्याला शास्त्रीय गाणं म्हणून ओळखतो त्याचा मोठा हिस्सा याच गावातून चालत आला. ग्वाल्हेर घराण्याचे मोठे ख्यालगायक हद्दू खाँ-हस्सू खाँ इथले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणं शिकायला घरदार सोडून इतक्या लांब आले, वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ती गायकी घेऊन परत गेले. मग त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, आणि तिथून पुढे गांधर्व महाविद्यालय, आणि तिथून तुमच्या-आमच्या गल्लीतला पेटी-तबल्याचा क्लास. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून निवडलं तेव्हा इथल्या लोकांना आनंद झाला पण नवल नाही वाटलं.

बेहट आणि गुजरी महाल

सगळ्या सभा हजीऱ्याला होत नाहीत. एक सभा बेहटला असते, तानसेनाच्या जन्मगावी, ग्वाल्हेरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, झिलमिल नदीच्या काठी. तिथे शंकराचं एक देऊळ आहे जे चक्क कललेलं आहे. गोष्ट अशी सांगतात की लहानपणी तानसेन मुका होता, बकऱ्या राखायचा आणि रोज पिंडीवर बकरीचं दूध घालायचा, शंकर प्रसन्न झाले, वाचा फुटली, आणि पोराने पहिलीच तान अशी घेतली की देऊळ कललं. पाया खचला असेल म्हणा, पण हे तिथे गावात मोठ्याने बोलायचं नाही.

बेहटची सभा सकाळची असते आणि समोर निम्मं गाव बसलेलं असतं, म्हाताऱ्या, शाळेची पोरं, ट्रॅक्टरवरून आलेले शेतकरी. कसलाही रुबाब नाही. मला विचाराल तर हजीऱ्याच्या दोन संध्याकाळी कमी करा पण हे करा. आदल्या रात्रीच टॅक्सी ठरवा, जाऊन-येऊन आणि तिथे थांबण्याचे पैसे धरून एकच आकडा ठरवायचा, कारण परत येताना तिथे वाहन मिळेल या भरवशावर राहता येत नाही. सकाळी धुकं असतं म्हणून ड्रायव्हरला घाई करू नका. पाणी आणि नाश्ता सोबत घ्या.

शेवटची सभा अलीकडे गुजरी महालाच्या आवारात करतात, किल्ल्याच्या पायथ्याशी, मानसिंहाने मृगनयनी राणीसाठी बांधलेला महाल, आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. या सभेत स्त्री कलाकार गातात-वाजवतात. जागा मुख्य मांडवापेक्षा लहान, त्यामुळे इथे मात्र खरंच लवकर जा. दुपारीच गेलात तर संग्रहालय पण बघून होतं.

मधल्या वेळात

सकाळची सभा संपून संध्याकाळची सुरू होईपर्यंत बराच वेळ हातात असतो. एक दुपार किल्ल्याला द्या, गाडीने जायचं तर उरवाई दरवाज्याने, चालत जायचं तर गुजरी महालाच्या बाजूने, चढ बऱ्यापैकी आहे. एक दुपार लष्करात, जीवाजी गंजातलं सरोद घर बघा, हाफिज अली खाँ यांचं घर, आता वाद्यांचं संग्रहालय. फूलबागेत झाशीच्या राणीची समाधी आहे, तिथे न जाता परतलात तर घरचे ऐकवतील. खायला सकाळी बेडई (डाळ भरलेली पुरी) आणि भाजी किंवा पोहे-जिलेबी, नया बाजारात बहादुराचे लाडू. जेवण हलकंच ठेवा, भरल्या पोटी सतारीचा आलाप म्हणजे झोपेला आमंत्रण.

परत येताना

येताना गाडी आपल्याकडून वर जाते म्हणून बऱ्यापैकी वेळेत असते. परतीची पंजाब मेल फिरोजपूरहून येते, झेलम जम्मूहून, आणि उत्तरेत धुकं पडलं की त्या काही तास सहज लेट होतात. म्हणून परतीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिस, मुलाची परीक्षा, कुणाचं लग्न असलं काही ठेवू नका, एक दिवस मोकळा ठेवा. निघायच्या आधी हॉटेलवर बसूनच गाडी कुठवर आली ते मोबाइलवर बघा, चेकआउट तासभर पुढे ढकलता येतंय का विचारा, आणि प्लॅटफॉर्मवर कुडकुडत बसण्यापेक्षा त्या वेळात बाजारात जाऊन गजक, म्हणजे तीळ-गुळाची वडी, घ्या. ताजी गजक कुरकुरीत असते आणि हाताला लागली की मोडते, तर बॅगेत तळाशी न टाकता डबा वरच्या बाजूला ठेवा.